दोन स्थानकांमधले अंतर कोणी ठरवले? पुणे–दौंड मार्गाचा इतिहास

१/ पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल ६४ किलोमीटरच्या प्रवासात वाटेतली १५ स्थानके घेते. त्याच पुण्याहून दौंडला जाताना सुमारे ७५ किलोमीटरमध्ये लागतात नऊच: हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण आणि पाटस. तिकडे दोन स्थानकांमधले सरासरी अंतर चार किलोमीटर, इकडे साडेसात. हा फरक आला कोठून?

२/ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा–पुणे टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि पुणे–डिकसळ टप्पा त्याच वर्षी १५ डिसेंबरला. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोहोचली. कंपनीची नजर दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणण्यावर आणि पुढे मद्रासकडच्या मार्गाला जाऊन मिळण्यावर होती. यवतचा शेतकरी रोज पुण्याला जाऊन संध्याकाळी परतेल, हे त्या आराखड्याच्या मनातही नव्हते.

३/ स्थानक म्हणजे तेव्हा केवळ फलाट नव्हे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकत त्या स्थानकातच. त्यासाठी जादा रूळ, तारयंत्र, मास्तर आणि त्याच्या मदतीला माणसे लागत. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे. स्थानक कोठे हवे, हे गाड्यांच्या आणि इंजिनाच्या गरजेने ठरे. गावे किती, यावरून क्वचितच.

४/ ज्या गावाला स्थानक मिळाले, त्याचे मात्र भाग्य पालटले. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनसाठी केडगावला जागा घेतली, ती लोहमार्गाच्या जवळ. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार स्त्रिया आणि मुली याच गावी आश्रयाला आल्या. एका स्थानकाने आडगावाचे नाव देशाबाहेर पोहोचवले.

५/ आणि ज्याला स्थानक मिळाले नाही? शिरूर, म्हणजे घोडनदी, रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून लष्करी छावणीचे ठिकाण होते, पुणे–नगर रस्त्यावरचे. पण लोहमार्ग सोलापूरच्या वाटेने दक्षिणेला वळला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला, तोही घोड नदीच्या पलीकडून नगरकडे गेला. शिरूर दोन्ही मार्गांच्या मधे कोरडे राहिले.

६/ ही उणीव रस्त्याने भरून काढली. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे–अहमदनगर रस्त्यावर, आणि तो रस्ता शिरूरवरूनच जातो. एसटीला फलाट लागत नाही, सिग्नल लागत नाही. फाट्यावर हात दाखवला की गाडी थांबते. रेल्वेचे अंतर आराखड्याने ठरले, एसटीचे प्रवाशाच्या हाताने.

७/ लोणावळ्याच्या बाजूला पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने उभे राहिले, कामगारांची रोजची ये-जा वाढली आणि १९७८ मध्ये विजेवर चालणारी लोकल सुरू झाली. दौंडच्या बाजूला डिझेलवरची डेमू आली २०१७ मध्ये, मेमू त्यानंतर. गाडी बदलली, पण दोन स्थानकांमधली अंतरे जुनीच राहिली.

८/ मग स्थानके वाढवावीत का? हिशेब करून पाहू. अंतर साडेसात किलोमीटर असेल, तर दोन स्थानकांच्या बरोबर मध्यावर राहणाऱ्याला पावणेचार किलोमीटर चालावे लागते. अंतर चार केले, तर दोनच. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने त्याची २१ मिनिटे वाचतील. पण त्यासाठी नऊ नवे थांबे लागतील. प्रत्येक थांब्याचा वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे मिळून दोन मिनिटांचा खर्च धरला, तर दौंडहून पुण्याला येणाऱ्या प्रत्येकाची १८ मिनिटे जातील.

९/ म्हणजे थांबा फुकट मिळत नाही. एकाची पायपीट वाचते ती दुसऱ्याच्या वेळेतून. मेमू झटकन वेग घेते, म्हणून हा खर्च कमी होतो, पण शून्य होत नाही. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबवण्यापेक्षा वस्ती जिथे खरोखर वाढली तिथे थांबा द्यावा आणि दौंडकरांसाठी सकाळ-संध्याकाळ एखादी जलद गाडी ठेवावी, हा मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य.

१०/ शिरूरला मात्र या मार्गावर कितीही थांबे वाढवून उपयोग नाही. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून केडगावला येणाऱ्या माणसाला गाडीच्या वेळेशी जुळणारी एसटी हवी. १८५८ च्या हिशेबात कापसाच्या गाठी होत्या, इंजिनाचे पाणी होते. चालत येणारा माणूस नव्हता. नवा हिशेब मांडताना निदान त्याची पावले तरी मोजली जावीत.