थॉमस कुकच्या ताळेबंदातली एक ओळ

थॉमस कुक (इंडिया) ही मुंबईची जुनी प्रवास कंपनी. १८८१ पासून तिचं या शहरात बस्तान आहे. पण २०१३ नंतरचे तिचे एकत्रित हिशेब वाचताना सहली आणि परकीय चलनापेक्षा मला मोलाची वाटते ती अल्पसंख्य भागधारकांच्या हिश्श्याची ओळ. कंपनीच्या नावावर दिसणाऱ्या धंद्यातला किती भाग खरोखर तिच्या भागधारकांचा, याचा पत्ता तिथेच लागतो.

२०१२ मध्ये कॅनडाच्या फेअरफॅक्सने कंपनीचा ताबा घेतला. पुढच्याच वर्षी कंपनीने मनुष्यबळ पुरवणाऱ्या बंगळुरूच्या इक्या ह्यूमन कॅपिटलमध्ये ७४ टक्के हिस्सा २५६ कोटी रुपयांना मिळवला. हिस्सा ७४ टक्के असला, तरी उपकंपनीची विक्री, मालमत्ता आणि देणी एकत्रित हिशेबात पूर्ण धरावी लागतात. बाहेरच्यांचा २६ टक्के वाटा मग वेगळा दाखवला जातो. जुन्या लेखामानकात ही ओळ भागभांडवल आणि देणी यांच्या मध्ये असे. २०१६-१७ पासून नवी मानकं आली आणि ही ओळ एकूण भांडवलातच जाऊन बसली. त्यामुळे हा आकडा वजा न करता 'एकूण भांडवल' वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

इक्याचं नाव पुढे क्वेस झालं. जुलै २०१६ मध्ये तिने ३१७ रुपये दराने ४०० कोटींची भागविक्री केली. ऑगस्ट २०१७ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून ८७४ कोटी उभारले. दोन्ही वेळा पैसे क्वेसकडे आले. थॉमस कुकने स्वतःकडचा एकही भाग विकला नव्हता, तरी तिची टक्केवारी घटली आणि बाहेरच्यांचा वाटा फुगला. नोव्हेंबर २०१७ मध्ये मात्र तिने स्वतःच ५.४२ टक्के हिस्सा सुमारे ६०० कोटींना विकला. त्यानंतर क्वेसने एका खरेदीच्या मोबदल्यात नवे भाग दिले आणि १ मार्च २०१८ रोजी थॉमस कुकचा हिस्सा ५० टक्क्यांखाली उतरला.

कागदपत्रं इथे सर्वांत सावधपणे वाचावी लागतात. क्वेस उपकंपनी राहिली नाही, सहयोगी कंपनी झाली. तिची विक्री, तिची देणी आणि तिच्यातला बाहेरच्यांचा वाटा हे सगळं एकाच दिवशी एकत्रित हिशेबातून निघून गेलं. क्वेसचं काम आदल्या दिवशीसारखंच सुरू होतं. उरलेल्या हिश्श्याचं बाजारभावाने पुनर्मूल्यांकन झालं आणि त्या वर्षी सुमारे ५,८०० कोटींचा नफा नोंदला गेला. या नफ्यापोटी रोख रक्कम आली नव्हती. त्या वर्षाच्या नफ्याची आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करणं म्हणूनच मला चुकीचं वाटतं. आधी क्वेसच्या नोंदी दोन्हीकडून बाजूला काढायला हव्यात.

२०१९ च्या अखेरीस क्वेसमधला हिस्सा कंपनीतून वेगळा काढणारी विभाजन योजना अमलात आली. थॉमस कुकच्या दर १०,००० भागांमागे क्वेसचे १,८८९ भाग थेट भागधारकांच्या खात्यात गेले.