रुपे: धातूचे नाव, चलनाचे नाव

संस्कृतात चांदीला रजत आणि रूप्य अशी दोन जुनी नावे आहेत. रजत हा शब्द लॅटिन ‘अर्जेंटम’ आणि ग्रीक ‘आर्गिरोस’ यांच्या कुळातला. शुभ्र, चकाकणारे हा या साऱ्यांचा मूळ अर्थ. पांढरा या अर्थाचा ‘अर्जुन’ही याच कुळात येतो. रूप्य हा शब्द ‘रूप’ म्हणजे आकृती, छाप यावरून आला. पाणिनीने अष्टाध्यायीत (5.2.120) त्याचे दोन अर्थ सांगितले आहेत: ठोकून रूप उमटवलेले आणि रूपाने चांगले.

प्राचीन भारतातील आहत नाणी याच प्रकारची होती. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, वजनात बसवून त्यांवर सूर्य, वृक्ष, डोंगर अशी चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी उमटवीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. पुढे छापाचा हा शब्द धातूलाच चिकटला आणि प्राकृत ‘रुप्प’मधून मराठीत ‘रुपे’ आले.

सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचे नाणे ‘रुपया’ नावाने रूढ केले. मोगलांनी ते चालू ठेवले. मराठी राज्यात अंकुशी, चांदवडी असे टाकसाळीगणिक निराळे रुपये चालत. सराफ नाणे वाजवून, कसोटीवर घासून पाही आणि झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर बट्टा कापी. ‘खणखणीत’ आणि ‘बंदा रुपया’ हे शब्दप्रयोग याच व्यवहाराच्या ओळखीचे आहेत.

चांदी आणि पैसा यांना एकच शब्द इतर भाषांतही आढळतो. फ्रेंच ‘आर्जां’, हिब्रू ‘केसेफ’ आणि थाई ‘ङन्’ यांचे दोन्ही अर्थ होतात. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये ‘प्लाता’ म्हणजे चांदी आणि बोलीत पैसा. प्लॅटिनमचे नावही ‘प्लातिना’ म्हणजे ‘छोटी चांदी’ यावरून पडले. अर्जेंटिना हे देशनाम लॅटिन अर्जेंटमवरून आले. चिनी भाषेत बँकेला ‘यिन्हांग’ म्हणतात. त्यातील ‘यिन’ म्हणजे चांदी.

ईस्ट इंडिया कंपनीने 1835 मध्ये आपल्या मुलखासाठी 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा एकसारखा रुपया ठरवला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. चांदीचे भाव घसरत गेल्याने 1893 मध्ये सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. आज भारतातील एक रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे असते. भारताबरोबरच नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मॉरिशस आणि सेशेल्स यांच्या चलनाचे नाव रुपया आहे; इंडोनेशियाचा ‘रुपिया’ आणि मालदीवचा ‘रुफिया’ हीही त्याचीच रूपे आहेत.