नावापुरता डोंगर

स्थलनामांचा अभ्यास करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो : राजवटी बदलतात, नावे बदलतात, डोंगर मात्र जागेवर राहतो. रशियातील दक्षिण उरलमध्ये नेमके उलटे घडले आहे.

रशियन भाषेत डोंगराला ‘गोरा’ म्हणतात. आपला ‘गिरि’ आणि हा ‘गोरा’ एकाच कुळातले शब्द. उरल नदीच्या काठी लोहखनिजाने भरलेला सुमारे ६१५ मीटर उंचीचा डोंगर होता. त्यातला दगड चुंबकी, म्हणून तो ‘मॅग्नितनाया गोरा’, म्हणजे चुंबकगिरी. यातला ‘मॅग्नेट’ हा शब्दही मुळात स्थलनामावरूनच आलेला : ग्रीकांच्या मॅग्नेशियाचा दगड. स्थळाने दगडाला नाव दिले, दगडाने डोंगराला. १७४३ साली पायथ्याशी रशियनांनी किल्ला बांधला. त्यालाही तेच नाव मिळाले.

१९२९ मध्ये, पहिल्या पंचवार्षिक योजनेत, येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि मॅग्नितोगोर्स्क शहर वसले. कारखान्याचा नमुना अमेरिकेतील गॅरीचा, नगररचनाकार जर्मनीचे अर्न्स्ट मे. कोळसा येणार सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या कुझनेत्स्क खोऱ्यातून. एवढा खटाटोप कशासाठी, तर डोंगर इथे होता. १ फेब्रुवारी १९३२ रोजी पहिली झोतभट्टी पेटली. जमिनी हिरावून सक्तीने आणलेली हजारो शेतकरी कुटुंबे तंबूंत आणि लाकडी बराकींत थंडीने कुडकुडत होती. तिथेच वेल्डर म्हणून राबलेल्या जॉन स्कॉट या अमेरिकन तरुणाने १९४२ च्या ‘बिहाइंड द उरल्स’ या पुस्तकात हे सारे नोंदवले आहे.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रणगाड्यांचे पोलादी चिलखत मोठ्या प्रमाणावर या शहराने पुरवले. त्या विजयात डोंगराचाही वाटा होता. पण त्याची किंमत डोंगरानेच मोजली. दशकानुदशके सुरुंग लागत गेले. आज त्याच्या जागी पायऱ्यापायऱ्यांच्या प्रचंड खाणी आहेत. कारखाना चालूच आहे, मात्र त्याला लागणारे खनिज बाहेरून, अगदी कझाकस्तानातूनही, आणावे लागलेले आहे.

ज्या कारणासाठी शहर तिथे वसले, ते कारणच शहराने संपवले. अभ्यासक एरवी नावावरून जागेचा शोध घेतो. इथे जागेवर जाऊन डोंगर सापडत नाही; तो शोधावा लागतो शहराच्या नावात, ‘गोर’ या अक्षरांत. स्थलनाम हा जसा वारसा असतो, तसा तो कधीकधी खर्चाचा जमाखर्चही असतो.