अनुभव आणि साक्ष

शिर्डीच्या श्रीसाईबाबांनी १९१८ च्या विजयादशमीस देह ठेवला. १९२३ साली ‘श्रीसाईलीला’ मासिक निघाले व भक्तांचे अनुभव त्यात छापले जाऊ लागले. मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम दीक्षित या मासिकाशी निगडित होते. पुढे १९३६ मध्ये, पूर्वाश्रमी सेलमला वकिली केलेल्या नरसिंहस्वामींनी भक्तांना भेटून त्यांची निवेदने लिहून घेतली.

दोघेही कायद्याचे जाणकार होते. न्यायासनापुढे ऐकीव गोष्टीस सहसा मोल नसते. ज्याने पाहिले, त्यानेच सांगावयाचे. अनुभवलेखनासही हाच दंडक शोभतो. कोगनोळीच्या भाविकानेही आपला अनुभव लिहिताना दिवस व स्थळ नोंदवावे, घडले तेवढेच सांगावे, त्याचा अर्थ निराळा ठेवावा. अलंकारांनी श्रद्धा वाढत नाही. साक्ष मात्र दुबळी होते.