आर्क फ्लॅश म्हणजे काय? तारेला हात न लावताही माणूस भाजतो तो कसा?

उघड्या तारेला हात लावला की शॉक बसतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण कशालाही न शिवता, पॅनलसमोर नुसतं उभं राहूनही माणूस गंभीर भाजू शकतो. त्याचं कारण आर्क फ्लॅश.

चालू पॅनलमध्ये पाना पडला, उंदीर शिरला किंवा धूळ-ओल साचली, की दोन फेजमधल्या हवेतूनच वीज धावते. तिथलं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा आहे! तांब्याची वाफ होऊन ती झपाट्याने फुगते आणि पॅनलचा दरवाजासुद्धा उडतो.

कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री, इंजिनिअरिंग, टेक्स्टाईलचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात १,००० केव्हीएचा, ४३३ व्होल्टचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर पूर्ण लोडला साधारण १,३३३ अँपिअर करंट वाहतो. त्याच्या तोंडाशी शॉर्टसर्किट झालं, तर तो २६,७०० अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो.

धोका किती, हे मोजायला आधी कारखान्याचा सिंगल लाइन डायग्राम लागतो. मग केबलची लांबी, ब्रेकरची सेटिंग, माणूस किती अंतरावर उभा राहणार, हे सगळं घेऊन 'आयईईई १५८४' या मार्गदर्शिकेच्या (२००२, सुधारित २०१८) सूत्रांनी हिशेब होतो. उत्तर येतं कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. उघड्या कातडीवर १.२ कॅलरी पडली, की फोड येतील इतकं भाजतं.

खरी मेख वेळेत आहे. ब्रेकर ०.१ सेकंदाऐवजी १ सेकंदाने पडला, तर ऊर्जा साधारण दहापट होते. म्हणून 'सारखा ट्रिप होतो' म्हणून सेटिंग वाढवून ठेवणं महागात पडतं. आणखी एक उलटा प्रकार म्हणजे, फॉल्ट करंट कमी असला तर ब्रेकर उशिरा पडतो आणि धोका वाढूही शकतो.

पहिला उपाय साधाच आहे: सप्लाय बंद करा, कुलूप लावा, टेस्टरने खात्री करा, मगच पॅनल उघडा. आर्क-रेटेड सूट त्यानंतरचा. पॉलिस्टरचा युनिफॉर्म मात्र वितळून अंगाला चिकटतो.

निघालेला आकडा पॅनलच्या दारावर लेबल म्हणून लागतो. अमेरिकेच्या 'एनएफपीए ७०ई' मानकानुसार तो जास्तीत जास्त पाच वर्षांनी पुन्हा तपासायचा असतो. मधेच फाउंड्रीत नवी भट्टी आली, ट्रान्सफॉर्मर बदलला, तर जुनं लेबल त्याच दिवशी बाद.