पटाशी, टाकी आणि आपला सोपारा

सोपारा म्हटले की आपल्याला स्तूप आठवतो, सम्राट अशोकाचा शिलालेख आठवतो. पण हे सारे ज्या हातांनी घडवले, त्या हातांतल्या हत्याराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून त्याविषयी हे चार शब्द.

सुताराच्या पेटीत सरळ पटाशीबरोबर गोल धारेची पटाशीही असते. तिचे पाते अर्ध्या नळीसारखे वळलेले. पोकळ कोरताना सरळ पटाशीचे कोपरे लाकडात रुततात. गोल पटाशी मात्र चमच्याने खरवस काढावा तशी ढलपी काढते. काठवट कोरायची तर हीच कामाची. ही युक्ती फार जुनी. उत्तर अमेरिकेत अश्मयुगातल्या माणसांनी घासून गुळगुळीत केलेल्या दगडाच्या अशा पटाश्या सापडल्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी तांब्याच्या छिन्न्या वापरल्या. पण तांबे मऊ. काळ्या पाषाणापुढे त्याचे काय चालणार? त्याला लोखंडच हवे. विदर्भातल्या महापाषाणीय दफनांत लोखंडी छिन्न्या मिळाल्या आहेत. पाथरवटाची छिन्नी म्हणजे टाकी. ती बोथट झाली की लोहार भट्टीत तापवून, ठोकून तिला पुन्हा पाणी देतो. म्हणजे पाथरवटाच्या मागे लोहारही उभा!

सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली भुईगावला. दोन्ही काळ्या दगडावर कोरलेले. १८८२ सालीच पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला. आत पोकळ कोरलेली दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक बसवलेले होते.

लाकूड मात्र कुजून जाते. दिव्यावदानातल्या पूर्णाच्या कथेत सोपाऱ्यात तथागतांसाठी चंदनाचा प्रासाद उभारल्याचे वर्णन आहे. आज दाखवायला ढलपीही नाही. जुनी लाकूडकला पाहायची तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तिथे छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत, आणि दर्शनी भागात दगडही लाकडासारखाच कोरलेला आहे.

त्याच लेण्यात आपल्यासाठी दोन नावे आहेत. एका खांबावर सोपाऱ्याच्या धम्मोत्तरीय परंपरेतल्या सातिमित या भाणकाचे दान नोंदलेले आहे. आणि दाराचे काम धेनुकाकटच्या सामि नावाच्या ‘वढकी’ने, म्हणजे सुताराने केले, अशीही नोंद आहे. विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात, तो हाच शब्द. दान देणाऱ्याबरोबर हात चालवणाऱ्याचेही नाव त्या लोकांनी दगडात जपले.

सोपाऱ्याच्या कोरक्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत. त्यांचे काम पोचले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत तो स्तूपातला ठेवा आहे. मुलाबाळांना तो दाखवायला नेऊ, तेव्हा राजाच्या नावाबरोबर टाकी धरणाऱ्या हातांचीही ओळख करून देऊ या.