नदी सुरयाचे गावठाण

‘धरण मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी आली की करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतल्या उजनीकाठच्या गावांत मोटारींचे पाइप पुढे सरकवायची धांदल उडते. भीमा नदीवरच्या या उजनी धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातले 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्याचे. पातळी त्याच्याही खाली उतरू लागली, म्हणजे धरण ‘मायनस’मध्ये गेले, की जुन्या शेतांचे बांध, उंचवटे आणि वाळूचे पट्टे वर येतात. नदी सुरय या पक्ष्याची वीण अशाच उघड्या जागांवर होते.

पिवळीधमक चोच, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. 1831 मध्ये जॉन ग्रे यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. नर चोचीत मासा धरून मादीला भरवतो, मग जोडी वाळूत उथळ खळगा करते आणि त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी दिसतात. ती वाळूच्या रंगाची असल्याने चालणाऱ्या माणसाला पायाशी येईपर्यंत कळत नाहीत. ऊन चढले की पालक पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसतात.

धरण होण्यापूर्वी भीमेचे पात्र उन्हाळ्यात आटे आणि वाळवंट आपोआप मोकळे होई. 1980 मध्ये उजनी पूर्ण झाले. त्याच्या आदल्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले होते. भीमेच्या वाळूवरचा पक्षी मात्र कुणाच्या यादीत नव्हता. धरणात पाणी साठले आणि काठची गावे उठली. माणसांना उंचावर नवी गावठाणे मिळाली, पळसदेवचे जुने मंदिर पाण्यात गेले आणि आजही पाणी फार उतरले तरच उघडे पडते. सुरयाचे वाळवंटही त्याच पाण्याखाली गेले. तेव्हापासून त्याच्या विणीची जागा दरवर्षी पाणीपातळी ठरवते.

आययूसीएनच्या लाल यादीत हा पक्षी आज ‘असुरक्षित’ गटात आहे. आग्नेय आशियातल्या नद्यांवरून तो जवळजवळ दिसेनासा झाला असून भारतातच त्याचा मोठा आधार उरला आहे.

उजनीत त्याच्यापुढची संकटे काठच्या लोकांच्या ओळखीचीच आहेत. पाणी हटले की गाळपेरीसाठी नांगर येतो, गुरे उतरतात, मागोमाग कुत्री. वाळूउपशाच्या बोटी महसूल खात्याने जिलेटिनने उडवल्या, तरी उपसा पुन्हा सुरू होतो. बारीक आसाच्या जाळ्यांत माशांची पिल्लेही जातात, म्हणजे सुरयाच्या पिल्लांचा घासच. त्यात पाऊसही वेळ चुकवू लागला आहे. 2025 मध्ये मे महिन्यातच धरण मायनसमधून बाहेर आले. अंडी किंवा न उडणारी पिल्ले खळग्यात असताना दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढला, तर बुडणाऱ्या घरट्याला दुसरी जागा नसते.

कर्नाटकातल्या भद्रा जलाशयातही पाणी उतरले की बेटे वर येतात आणि नदी सुरयांची मोठी वसाहत भरते. ती बेटे अभयारण्याच्या हद्दीत आहेत. उजनीतही विणीची बेटे हेरून फेब्रुवारी ते मे एवढे चार महिने तिथली गाळपेर, चराई आणि बोटी थांबवल्या, तर बाकीच्या काठावर शेती आणि मासेमारी नेहमीसारखी चालू शकेल. हे काम मासेमार सोसायट्या आणि ग्रामपंचायतींना सोबत घेऊनच होईल, कारण कोणत्या उंचवट्यावर सुरय बसतो हे रोज होडी घेऊन जाणाऱ्यालाच आधी दिसते.